दोन गुण दे, दिगू

दिगू, तुझ्या तेराव्याचे लाडू चांगले झाले होते. तू असतास तर दोन हाणले असतेस, आणि तिसऱ्याला हात घातल्यावर कुसुमवहिनींनी तो पानातून उचलून नेला असता. शुगरचा माणूस तू. पण त्या दिवशी तुला अडवायला कोणी नव्हतं आणि तूही नव्हतास.

आपल्या कबड्डी मंडळाची पोरं तुझ्यावर अंक काढणार आहेत. तू पंच कधी झालास, शाळेत पी.टी. किती वर्षं शिकवलीस, शाली किती मिळाल्या, ते सगळं बाकीचे लिहितील. मला म्हणाले, "सोपानकाका, तुम्ही आठवणी लिहा." मी चौथी पास. पण तुझ्याशी बोलायला मला शाळा कधी लागली नाही, म्हणून बोलतो. शुद्धलेखन पोरं बघतील.

तर त्या पंगतीत वहिनींचे भाऊ अण्णा माझ्या शेजारी बसले होते. दुसरा लाडू फोडता फोडता म्हणाले, "शेवटी गेलेच ना दाजी? मग पाय कापायला लावून वर्षभर हाल कशाला केले? धड शरीरानं तरी गेले असते."

नाव घेतलं नाही कोणाचं. पण आख्ख्या पंगतीनं माझ्याकडं बघितलं. कारण तुला पाय द्यायला कोणी लावलं हे विश्रांतवाडीपासून येरवड्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हणालो, "अण्णा, लाडू बरा लागतोय ना? मग तोंड त्याच्यातच असू द्या."

तिथं तेवढंच बोललो. बाकीचं उत्तर अण्णांना द्यायचं नाहीच. ते तुला द्यायचंय, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलंय.

भांडण तसं जुनं. तू पंच, मी कॅप्टन, म्हणजे पहिल्यापासून आपलं जमायचं कारणच नव्हतं. कबड्डीच्या मैदानात तुझी नजर कायम खाली. नव्या पंचांना तू सांगायचास, "खेळाडूच्या तोंडाकडं बघू नका, तोंड खोटं बोलतं. पायाकडं बघा." रेषेबाहेर नख टेकलं तरी तुझी शिट्टी वाजायची. दोनदा तू मलाच बाद दिलंस. एकदा बरोबर दिलंस.

आणि माझी खोड तुला माहीत. आमचे पाच गडी बाद झाले, दोनच उरले, की मी ते दोघं मरायची वाट बघत नसे. नियमच आहे तसा. कॅप्टननं स्वतःच त्या दोघांना बाद म्हणून सांगायचं. समोरच्याला त्या दोघांचे दोन आणि आख्खी टीम बाद झाल्याच्या लोणाचे दोन असे चार गुण जातात, पण आपले सातच्या सात गडी पुन्हा आत येतात. पुढं असलो की मी हे हमखास करायचो. चार देऊन मैदान भरून घ्यायचं. लोक मला हुशार म्हणायचे. तू गुण द्यायचास आणि मॅच संपल्यावर चहाच्या टपरीवर माझी बिनपाण्यानं हजामत करायचास.

"जिवंत गडी स्वतःच्या हातानं बाद करायचा नसतो, सोप्या. धरू दे ना समोरच्याला. ताकद असेल तर धरेल."

"अरे, पण मॅच कोण जिंकलं?"

"ते स्कोअरवाल्याला विचार."

हे भांडण एवढ्यावरच म्हातारं झालं असतं. पण तू सहा महिने लेकीकडं अमेरिकेत राहून आलास. बाहेर बर्फ, घरात सगळे कामावर, आणि तू टीव्हीपुढं. तिथून तू काय आणलंस? सगळे चॉकलेट आणतात. तू त्यांचा तो फुटबॉल आणलास. हेल्मेट घातलेले रेडे एकमेकांना ढुशा देतात, चेंडू अंड्यासारखा आणि नाव फुटबॉल असून घेऊन पळतात हातात. तुला खेळाडूंचं काही नव्हतंच. तुला आवडले ते त्यांचे पंच. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, आणि चूक दिसली की खिशातून पिवळा रुमाल काढून मैदानात टाकायचा. "शिट्टी नाही, आरडाओरड नाही. नुसता रुमाल! काय रुबाब आहे, सोप्या."

मग सोमवार ठरला. तिकडची रविवारची रात्र म्हणजे आपली सोमवारची सकाळ. मी येरवड्याहून बसनं यायचो, वहिनी पोहे द्यायच्या, आणि तू मला पट्टी घेऊन शिकवायला बसायचास. पी.टी.चे सर शेवटपर्यंत गेले नाहीत तुझ्यातले.

ती एक जुनी मॅच तू लावलीस आणि तिथंच तुझं चुकलं. एक टीम पाच गुणांनी पुढं. घड्याळात थोडेच सेकंद. चेंडू त्यांच्याकडं, पण अगदी स्वतःच्या रेषेशी अडकलेले. सरळ लाथ मारून लांब घालवायला गेले तर समोरचे घुसणार, चेंडू अडवणार, घात होणार. तर त्यांनी काय केलं? लाथ मारणारा चेंडू घेऊन आपल्याच हद्दीत इकडून तिकडं फिरत बसला, आणि त्याच्या गड्यांनी समोरच्यांना मिठ्या मारून धरून ठेवलं. धरणं हा गुन्हा. सगळ्या जगासमोर केला. रुमालावर रुमाल पडले. तो गडी सेकंद खात खात शेवटी आपल्या पायानं रेषेबाहेर गेला. समोरच्याला दोन गुण मिळाले. पण घड्याळात नावापुरतंच काही उरलं, आणि तीन गुणांनी मॅच खिशात.

मी पोह्यांची ताटली ठेवून टाळ्या वाजवल्या. म्हटलं, "दिग्या, हे तर माझंच पोर!"

तू टीव्ही बंद केलास. "ही चोरी आहे."

"चोरी लपून करतात. यांनी सगळ्यांच्या देखत केली, आणि दंडही भरला."

"तेच तर वाईट. दंड ही शिक्षा असते, सोपान. किंमत नसते. दंड परवडतो म्हणून गुन्हा करायला लागलास की तो नियम राहत नाही, दुकान होतं."

"आणि परवडत असून भरला नाही, आणि मॅच गेली, तर त्याला काय म्हणायचं?"

"हरणं म्हणायचं. हरायला काय झालं?"

दिगू, हे तुझं वाक्य मला तेव्हाही आवडलं नव्हतं. हरायला काय झालं म्हणणारा माणूस एकतर साधू असतो नाहीतर पंच असतो. दोघांनाही टीम नसते.

वहिनी आतून म्हणाल्या, "दोघांवर रुमाल टाका कुणीतरी. पोहे गार झाले."

मग तुझ्या पायाला ते झालं. चपलेचा अंगठा चावला एवढंच निमित्त. शुगरनं तुला ते कळलंच नाही. जन्मभर दुसऱ्यांचे पाय बघणाऱ्याला स्वतःच्या पायाकडं बघायला सवड नाही! अंगठा काळा पडला, मग पाऊल. डॉक्टरांनी सांगितलं की गुडघ्याखाली काढावा लागेल, आणि लवकर, नाहीतर विष वर चढेल. तू नाही म्हणालास. तुझा पोरगा महेश रडला तरी नाही. लेक फोनवरून रडली तरी नाही. "आलो तसा जाईन. तुकड्यातुकड्यांनी जाणार नाही." तेव्हा वहिनींचा मला फोन आला. "भावजी, तुम्ही या. तुमच्याशी भांडायला तरी ते तोंड उघडतील."

मी दवाखान्यात आलो तर तू भिंतीकडं तोंड करून पडलेला.

"तुला कोणी बोलावलं?"

"तुझ्या बायकोनं. मी आपल्या मनानं कशाला येतोय?"

"पाय देणार नाही मी."

"नको देऊ."

हे ऐकून तू वळलास. तुला वाटलं होतं मी हातापाया पडेन. मी स्टूल ओढून बसलो आणि म्हणालो, "दिग्या, स्कोअर सांगतो. बायको आहे, आणि या वयातही तुझ्यावर ओरडते. पोरगा जवळ आहे. लेक रोज फोन करते. शाळेतली पोरं टक्कल पडलं तरी रस्त्यात वाकतात. तू पुढं आहेस. चांगला पाच गुणांनी पुढं आहेस. आणि चेंडू अडकलाय तुझ्या रेषेशी. दोन गुण दे."

"जिवंत गडी…" तू सुरू केलंस.

"तो जिवंत नाहीये. चादर काढून बघ. तो गडी मेलाय आणि बाकीच्यांना घेऊन चाललाय."

तू चादर उचलून बघितलीस. मग विचारलंस, "दोन दिल्यावर घड्याळात किती राहील?"

मी म्हणालो, "ते मला माहीत नाही. डॉक्टरलाही नाही. पण दिले नाहीस तर शिट्टी आत्ता वाजेल, हे आपल्या दोघांनाही दिसतंय."

मी तुला खोटी आशा दिली नाही, हे अण्णांना कोणीतरी सांगा. दहा वर्षं जगशील, धावशील, असं मी बोललो नाही. फक्त घड्याळ म्हणालो.

तू महेशला हाक मारलीस. "डॉक्टरांना बोलाव. पण अट आहे. माझा पाय यांच्या कचऱ्यात जाता कामा नये. सोप्या घेऊन जाईल. त्यानं बाद केलाय, त्यानंच पोचवायचा."

पोचवला. दवाखान्यानं रीतसर परवानगी दिली, पांढऱ्या कपड्यात बांधून दिला, आणि मी न् महेश रिक्षात बसलो. मांडीवर घेतला होता मी. जड होता, लेका. स्मशान म्हटल्यावर रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. आळंदीकडच्या गावातला होता. "बाबा, कोन गेलं?"

महेशनं तोंड बाहेर वळवलं. मी म्हटलं, "कोणी गेलं नाही. एक गडी बाद झालाय. बाकी टीम आत आहे."

तो खड्डे चुकवत हळू चालवायला लागला. तो माणूस परत भेटला तर त्याला चहा पाजणार आहे मी.

तुला शुद्ध आल्यावर तुझा पहिला शब्द, "पोचवलास?"

"पोचवला."

"बरं झालं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी आपली जागा धरून झाली." आणि हसलास. टाके ओढले गेले म्हणून नर्स ओरडली. त्या हसण्यावर मी महिनाभर जगलो.

आता अण्णा म्हणतात हाल झाले. झालेच. मी कुठं नाही म्हणतो? तुला खुर्चीतून संडासला न्यावं लागायचं आणि तू महेशच्या डोळ्यांत बघायचा नाहीस. आणि ती एक दुपार. तू हळूच म्हणालास, "सोप्या, त्या पायाचा अंगठा दुखतोय." जो पाय मी स्वतः आगीत ठेवला त्याचा अंगठा. चादरीवर पाय संपल्यावर जी सपाट जागा होती, तिथं मी हात ठेवला आणि चोळायला लागलो. नुसती चादर चोळत होतो. तू डोळे मिटलेस. "हां. तिथंच. जरा वर."

बराच वेळ चोळत बसलो. त्या दुपारी माझ्या मनात आलं की दिगू बरोबर असेल का. एकदाच आलं. मग तुला झोप लागली आणि तू घोरायला लागलास, आणि मला वाटलं, घोरतोय म्हणजे आहे. आहे ना? मग झालं.

आणि आता त्या वर्षातलं बाकीचं ऐका म्हणावं अण्णांना. नकली पाय बसवल्यावर तू डॉक्टरला काय विचारलंस? दुखेल का, नाही. चालता येईल का, नाही. "हा पाय घातलेला खेळाडू मैदानात आला आणि हा रेषेबाहेर टेकला, तर बाद द्यायचा का?" डॉक्टर बिचारा बघत राहिला. पुढचे चार सोमवार तू तोच विषय चघळलास. मी म्हणालो, बाद नाही, लाकूड आहे ते. तू म्हणालास, "अंगावर आहे तोवर अंग." शेवटी तुझंच खरं, असं मी म्हटलं नाही, पण घरी जाताना बसमध्ये मला ते पटलं होतं. आता सांगतोय.

त्याच वर्षात तू एका सोमवारी दारातच मला गाठलंस, खुर्ची ढकलत. चेहरा असा, की लॉटरी लागली. "सोप्या, तिकडं नियम बदललाय! मुद्दाम दोघातिघांनी धरून घड्याळ खाल्लं तर आता दंड तर लावतातच, वर घड्याळ मागं घेतात! कळलं त्यांना. दंड म्हणजे किंमत नव्हे!"

"आणि जे आधी जिंकले, त्यांचा कप परत घेतला का?"

"नाही."

"मग?"

तू खुर्ची फिरवून आत गेलास आणि मला अर्धा कपच चहा मिळाला.

या सगळ्याला हाल म्हणतात का? पंगतीत मी लाडवावर बोललो खरा, पण खरं उत्तर वहिनींनी दिलं. वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, वर्षभर घरात भांडायला माणूस होतं. तुला नाही कळायचं ते." आणि पुढच्या पानावर गेल्या. मी मान खाली घातली आणि भात कालवला. तिखट नव्हता, तरी डोळ्यांत पाणी आलं.

तुला सांगायचं राहिलंय ते हे, की मला तुझ्याकडून एक वाक्य पाहिजे होतं. "सोपान, तू बरोबर होतास." बास. तू म्हणाला नाहीस. मी आडून विचारलं, सरळ विचारलं, वहिनींकडून विचारवलं. तू म्हणायचास, "तो दंड नव्हता. मला डॉक्टरनं धरलं. मी आपण होऊन बाहेर गेलो नाही." लबाड! खिशातला रुमाल कुठं गेला होता तेव्हा तुझा?

आणि जायच्या आदल्या दिवशी तुझा फोन. "उद्या ये. तुला एक दाखवायचंय. त्यावर तुला तोंड उघडता येणार नाही." आवाज कसला खणखणीत. मी सोमवारी सकाळी आलो तर दारात चपला होत्या, खूप. झोपेतच गेलास. काय दाखवणार होतास? महेशला विचारलं, त्याला माहीत नाही. वहिनींना माहीत नाही. टीव्हीतही काही काढून ठेवलेलं सापडलं नाही. काहीतरी जबरदस्त सापडलं असणार तुला, नाहीतर तू फोन केला नसतास. मी रोज विचार करतो, काय असेल. जे काही असेल ते मी खोडून काढलंच असतं. पण आधी ऐकलं असतं, दिगू. पोहे खात सगळं ऐकलं असतं.

गुरुजींनी तयारी करताना पायाकडं बघून विचारलं. मी सांगितलं, "तो आधीच गेलाय, रीतसर. याच स्मशानात." मग त्यांनी मंत्र सुरू केले. तू तिकडं पोचलास तेव्हा पाय रेषेच्या आतच उभा असेल. माझा हात लागलाय त्याला, चुकीच्या जागी ठेवला नसणार.

आता शेवटचं. पाय गेल्यानंतरचा, मंडळाच्या मैदानावरचा तो सामना. पोरांनी हट्टानं तुला पंच केलं, खुर्ची मधल्या रेषेच्या टोकाला लावली, गळ्यात शिट्टी घातली. तू दोन लाडू खाल्ल्यासारखा खूश. आपलीच टीम सहा गुणांनी पुढं, वेळ थोडा, आणि गडी उरले दोन. कॅप्टन पोरगं गोंधळलं आणि त्यानं कडेला उभ्या माझ्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही, शपथ. नुसता घसा खाकरला. त्यानं हात वर करून दोघांना बाद म्हणून सांगितलं.

तू शिट्टी वाजवलीस. चार गुण समोरच्यांना दिलेस, बोटं दाखवून, अगदी स्वच्छ. सात गडी आत आले. आपण जिंकलो, एका गुणानं. मी गर्दीतून तुझ्या खुर्चीपाशी आलो, वाकलो आणि म्हणालो, "काय पंच? दिलेत ना चार गुण? पटलं ना शेवटी?"

तू वर बघितलंस. तोंडाकडं. जन्मात पहिल्यांदा माझ्या पायाकडं नाही, तोंडाकडं.

"नियमात आहे म्हणून दिले," तू म्हणालास. "पटलं म्हणून नाही."

तेव्हा मला राग आला होता. आता सोमवारी सकाळी मला जाग येते, मी बसस्टॉपपर्यंत जातो, आणि तिथून परत येतो. लोक म्हणतात, सोपानराव, वय झालं होतं, माणूस जायचाच, मान्य करा. मी भांडत नाही त्यांच्याशी. मान्य करतो.

तू गेलास, दिगू. नियमात आहे म्हणून मानलं. पटलं म्हणून नाही.